बाबांचे टेट्रा

बाबा गेल्यावर आईने एकटीने राहू नये, म्हणून मी तिला माझ्या घरी न्यायला आले होते. पण ती बाबांच्या खोलीतून हलेना.

"त्यांना एकटं टाकून कशी येऊ?" असं म्हणून तिने फिशटँककडे बोट केलं.

टँकमध्ये बाबांचे टेट्रा मासे होते. चंदेरी अंग, लालभडक नाक, शेपटीवर काळे-पांढरे पट्टे. दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांमधली ही गरीब जात, कुणाच्या अध्यात ना मध्यात. सगळे एकाच दिशेला तोंड करून बाबांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होते.

"बघ. बसलेत तिथंच."

"आई, हे मासे प्रवाहाकडे तोंड करतात. फिल्टरचं पाणी त्या बाजूने येतं ना! फिल्टर बंद केला की पांगतील."

"पांगले तर येते तुझ्याबरोबर. नाही पांगले, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

"ठरलं."

मी फिल्टरचं बटण बंद केलं. घरघर थांबली, पाणी संथ झालं. मासे होते तसेच. मी काचेवर टिचकी मारली, विरुद्ध कोपऱ्यात खाणं टाकलं. एकानेही वळून पाहिलं नाही.

"एवढी शिकलीस, पण बापाशी पैज कोण लावतं?" आई हसली.

मला राग आला. सवय असेल, सावली असेल, काहीतरी कारण असणारच. मी सरळ जाऊन खुर्चीत बसले.

"अगं, मांडीवर काय बसतेस त्यांच्या! लहान आहेस का आता?"

मासे वळले. माझ्याकडे नाही. होकायंत्राचा काटा फिरावा तसे, सगळे मिळून, सावकाश. खुर्चीपासून कपाटाकडे, कपाटापासून दाराकडे. तिथे थांबले.

आईही दाराकडेच बघत होती.

"उठले एकदाचे," ती म्हणाली. "जन्मभर मला दारात ताटकळत ठेवलं, आणि आज बघ, माझ्याआधी तयार!" ती चपला शोधू लागली.

मला हवं होतं तेच झालं होतं. मी मासे जाळीने पाण्याच्या पिशवीत घेतले.

गाडीत आई माझ्या शेजारी बसली, पिशवी मांडीवर घेऊन. वळणावर पाणी हिंदकळलं, मासे विस्कटले आणि पुन्हा एका रांगेत आले. तोंडं मागच्या सीटकडे.

मी मागचं दाखवणारा आरसा छताकडे फिरवला.

"हळू चालव गं," आई म्हणाली. "मागे बसलं की त्यांना मळमळतं."