नाव कोरलेले हंडे

पोरांनो, जरा डोळ्यांपुढे आणा. एप्रिल महिना, रत्नागिरीकडचा सडा, म्हणजे उघडं कातळाचं पठार. जांभ्याचा कातळ असा तापलेला की सकाळी आठलाच अनवाणी पाय उचलून उचलून टाकावे लागतात. खालच्या वाडीची विहीर तळाला गेलेली. नळाला पाणी तीन दिवसांनी एकदा, तेही तासभर. नळापाशी रांग आहे, पण माणसांची नाही, हंड्यांची. बाया पहाटे हंडा ठेवून कामाला जातात. जिचा हंडा, तिचा नंबर, आणि दुसरीच्या हंड्याला हात लावायचा नाही, हा वाडीचा कायदा. हंडा कुणाचा हे विचारावं लागत नाही. लग्नात मिळालेल्या हंड्यावर बाईचं नाव कोरलेलं असतं.

त्या रांगेत आता मनस्वीला उभी करा. पंधरा वर्षांची, नुकतीच दहावीची परीक्षा दिलेली. बापूस मुंबईला, गणपतीला आणि शिमग्याला येणारा. घरात ती आणि आई सगुणा, बस.

पाण्याची चावी भागोजीकडे. पन्नाशीचा माणूस, कपाळाला गंध, सगळ्या वाडीचा भागोजीदादा. वर टाकीजवळच्या पंपाच्या खोलीत तो बसायचा. कुणीतरी घाटीची चढण चढून "दादा, पाणी सोडा" म्हटल्याशिवाय त्याचा हात हलायचा नाही. फाल्गुनापासून त्यानं नवंच काढलं होतं. सगुणा, तू कशाला दमतेस, पोरीला पाठव, म्हणायचा. सगुणाला ती माया वाटली.

आधी त्यानं मनस्वीला लिमलेटच्या गोळ्या दिल्या. मग मोबाईलचं रिचार्ज मारून दिलं. मग म्हणाला, वाडीत तुझ्यासारखी हुशार पोर नाही. आणि मग म्हणाला, हे तुझ्या आवशीला सांगू नको हं. नीट ध्यानात ठेवा, पोरांनो. फासा लावणारा आधी दाणे टाकतो. आणि जो मोठा माणूस लेकराला गुपित सांभाळायला लावतो, तो दाणेच टाकत असतो.

मागच्या पाण्याच्या दिवशी त्यानं खोलीचं दार लोटलं आणि तिचं मनगट धरलं. मनस्वीच्या दुसऱ्या हातात कळशी होती. तिनं ती त्याच्या कोपरावर हाणली, दार ढकललं आणि घाटी उतरत सुटली. पाठीमागून त्याचा आवाज आला, अगदी शांत.

"बोललीस तर वाडी तहानेनं मरंल. मंग बायाच तुला दगड मारतील."

तिनं आईला सगळं सांगितलं. सगुणा लेकीला घेऊन शेजारच्या तुळसाकाकीच्या पडवीत गेली. चार बाया जमल्या. एकीनं विचारलं, पोर एकटी वर गेलीच कशाला. दुसरी म्हणाली, बापूस येईपर्यंत दम धरा. तिसरीला पाण्याची काळजी, तिच्या घरात बाळंतीण होती. तुळसाकाकी सुपातले तांदूळ निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "झाकली मूठ सव्वा लाखाची, बाय. माझ्या भाचीच्या वेळी पण आमी गपच ऱ्हायलो."

मनस्वीनं एकेकीच्या तोंडाकडे पाहिलं. कुणी नजर वर करीना.

"म्हंजे तुमा सगळ्यांना ठावं होतं?" ती म्हणाली. "आणि तरी मला घाटी चढू दिलीत?"

मनगट धरलं तेव्हा ती घाबरली होती. राग तिला आत्ता आला, आणि तो भागोजीपेक्षा या खाली घातलेल्या मानांचा आला.

पुढच्या पाण्याच्या दिवशी सकाळी मनस्वीचा हंडा रांगेत पहिला होता. 'सौ. सगुणा' असं नाव कोरलेला. तिनं तो नळावरच्या बायांदेखत उचलला, पाखाडीच्या पायऱ्या चढून भागोजीच्या खळ्यात, दारापुढच्या अंगणात गेली आणि मधोमध ठेवला. रिकामा. मग त्याच्या शेजारी उभी राहिली.

भागोजी दात घासत बाहेर आला. हसला. "काय गो, माझ्या खळ्यात नळ लावलाय काय?"

"नळ नाय, रांग हाय," मनस्वी म्हणाली. "तू मागच्या पाण्याला माझं मनगट धरलंस, ते सांगणाऱ्यांची."

त्याला अरेतुरे करणारं वाडीत कुणी नव्हतं. त्यानं चूळ टाकली. बघू तर, म्हणाला, रांग किती लांब होते ती.

पहिली सगुणा आली आणि हंड्याला हात टेकून उभी राहिली. मग पाखाडीवर डोक्यावरच्या हंड्याखालची चुंबळ सावरत तुळसाकाकी दिसली. तिनं आपला हंडा सगुणाच्या हंड्याला लागून ठेवला. तिच्यामागून आणखी सात. बावीस घरांतले नऊ हंडे. बाकीच्या तेरा घरांची दारं लोटलेलीच राहिली. हेही तुम्हाला माहीत असावं.

भागोजी ओरडला, आज एक थेंब सोडणार नाही. कुणी हललं नाही.

तेवढ्यात त्याची बायको सावित्री ओटीवर आली. चौथी शिकलेली बाई. खाली उतरून ती वाकली आणि हंड्यांवरची नावं बोट फिरवत, अडखळत वाचू लागली, शाळेत हजेरी घ्यावी तशी. सगुणा. तुळसा. नवव्या नावापर्यंत तिनं वाचलं. मग नवऱ्याकडे न बघता घरात गेली, खुंटीवरची चावी आणली आणि तुळसाकाकीच्या हातात दिली.

"पाणी सोडा जावा," एवढंच म्हणाली.

खालच्या नळाला पाणी आलं तेव्हा मनस्वी तिथे नव्हती. तिचा हंडा तिनं त्या खळ्यातच ठेवला होता आणि आईला घेऊन नऊची एसटी पकडली होती. गाडी खचाखच भरलेली, निम्मी माणसं ओळखीची. कंडक्टरनं विचारलं, कुठं जायचं. सगुणानं हळूच लेकीची बाही ओढली, हळू बोल म्हणून.

मनस्वीनं बाही सोडवून घेतली आणि शेवटच्या सीटपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "रत्नागिरी, दोन. पोलीस ठाण्यापाशी उतरायचंय."