नाकवाले

आमच्या बाबांना सगळे नाकवाले म्हणतात. नाक लांब आहे म्हणून नव्हे. मोटारसायकलची जुनी टाकी झाळायची, म्हणजे ज्योतीने तिचं भोक बुजवायचं असलं, की आत पेट्रोलचा अंशही राहून चालत नाही, नाहीतर ज्योत लागताच टाकी फुटते आणि माणसाचा चेहरा जागेवर राहत नाही. बाकीचे कारागीर टाकीत पाणी भरून मग झाळतात. बाबा नुसतं टाकीच्या तोंडाला नाक लावायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "स्वच्छ." लगेच ज्योत. चाळीस वर्षांत एक टाकी फुटली नाही. "पाणी भरतात ते भित्रे," असं ते गिऱ्हाइकांना ऐकवायचे, आणि माझ्याकडे बघून ऐकवायचे.

मी त्यांची थोरली. दुकानात मला अकरा वर्षं झाली, रोज सहाला दुकान बंद होईपर्यंत. टाकीत मूठभर नट आणि साबणाचं पाणी घालून ती खुळखुळवायची, गंज सुटला की ॲसिड, मग सोड्याने धुणं, वाळवणं, हे सगळं माझं. ज्योत मात्र त्यांची. मी हातात घेतली की म्हणायचे, "ठेव खाली. ती चूल नाहीये."

गेल्या हिवाळ्यात त्यांना ताप आला आणि त्या तापात वास कायमचा गेला. कुणाला सांगितलं नाही. मला कळलं ते दुधामुळे. बाबा स्वयंपाकघरात शब्दकोडं सोडवत बसलेले, पाठीमागे दूध करपून पातेलं काळंठिक्कर पडलेलं, घरभर वास. आईने बोंब मारली तेव्हा म्हणाले, "कधीचा वास येतोय, तुम्ही सगळ्या होतात कुठं?" खोटं बोलतानाही तोरा तोच.

चार महिने मी गप्प राहिले. प्रत्येक टाकी त्यांच्या हातात जाण्याआधी तीनदा कढत पाण्याने धुतली, उन्हात पालथी घातली, स्वतः वास घेऊन मगच दिली. ते नाक लावायचे, "स्वच्छ" म्हणायचे, गिऱ्हाईक मान डोलवायचं. माझ्या हातांची सालटी निघाली होती. वासावाचून बाबांना दुकानात काही उरणार नाही, हे मला ठाऊक होतं, म्हणून हा खटाटोप. हे प्रेमच आहे, असं तेव्हा वाटायचं.

त्या सकाळी कोपऱ्यावरचा फोटोवाला आला. त्याच्या जुन्या गाडीची टाकी आम्ही आतून साफ केली होती, फक्त तळाच्या शिवणीला एक भोक झाळायचं होतं.

"झाळणार नाकवालेच ना?" त्याने विचारलं.

"मग काय, ही?" बाबा म्हणाले. "अकरा वर्षांत हिला साधा वास ओळखता येईना. हिला घासायला ठेवलीय. पोटची आहे म्हणून, नाहीतर कधीच हाकलली असती."

फोटोवाला हसला. मीही हसले आणि टाकी आणायला मागच्या खोलीत गेले.

तिथे जरा वेळ उभी राहिले. घरी गेल्यावर बाबांना एका बाजूला घेऊन सांगता आलं असतं. आईकरवी सांगता आलं असतं. मी आधी गॅसच्या सिलिंडरचा कॉक बंद केला, लायटर खिशात टाकला, आणि मग तळाचं भोक साबणाने बुजवून डब्यातलं ग्लासभर पेट्रोल त्या टाकीत ओतलं. एवढी अक्कल शाबूत होती.

"बाबा, बघा बरं, झाली का?"

त्यांनी नाक लावलं, डोळे मिटले. हातभर लांब उभ्या असलेल्या फोटोवाल्याने नाकाला रुमाल लावला.

"स्वच्छ," बाबा म्हणाले.

"अहो नाकवाले..." फोटोवाला बोलू लागला. मी हातानेच त्याला थांबवलं.

"नक्की ना, बाबा?"

"दहादा सांगायचं का तुला? लायटर आण."

"हात पुढे करा."

मी टाकी कलती केली. पेट्रोल त्यांच्या तळव्यावर पडलं, बोटांतून खाली गळलं. सवयीने त्यांनी तळवा नाकाशी नेला. काहीच नाही. पण पेट्रोल हातावर गार लागतं. तेवढं त्यांना कळलं.

इथे थांबता आलं असतं. "चार महिने झाले, यांना कसलाच वास येत नाही," मी फोटोवाल्याला म्हणाले. "तरी रोज सोंग चाललंय. सगळ्या टाक्या मी तपासून देते."

बाबांनी हात शर्टाला पुसला. फडकं शेजारीच होतं. मग ते स्टुलावर बसले.

फोटोवाल्याला मी दुपारी यायला सांगितलं. टाकी परत धुतली, वाळवली, भोक वर येईल अशी ठेवून पाण्याने भरली आणि बाबांच्या डोळ्यांदेखत झाळली. माझी पहिली झाळ. सरळ आली. दुपारी फोटोवाल्याने तिच्यावरून बोट फिरवलं. "ताई, झकास!" म्हणाला. बाबांकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. टाकी काखोटीला मारून तो गेला.

मग बाबा उठले. दाराशी जाऊन थांबले.

"मी घरी जाऊ का?"

या माणसाने जन्मात कधी कुणाची परवानगी मागितली नव्हती. शिव्या घातल्या असत्या तर मी रडले असते, पाय धरले असते. हो म्हणायचं होतं. जा बाबा, आराम करा, मी येतेच मागून. सगळं अगदी ओठांवर आलं होतं. आणि मला इतकं बरं वाटत होतं की माझीच मला भीती वाटली.

मी घड्याळाकडे बघितलं.

"अजून सहा वाजायचेत," मी म्हणाले.

ते परत येऊन स्टुलावर बसले.