काळ्या दोऱ्याची डावी

मी एका सात वर्षांच्या मुलीच्या घशातली डावी टॉन्सिल बोलतेय. दचकू नका. घसा सुटला तरी आवाज सुटत नाही.

उजवीकडे माझी जुळी बहीण होती. आम्ही दोघी घशाच्या दाराशी राखणीला असायचो. आइस्क्रीम आमच्यावरूनच जायचं आणि खोटं रडणंही. मग माझ्यात कुणीतरी राहायला आलं. ओळख ना पाळख! ते बोलायचं नाही, दुखवायचं नाही, नुसतं वाढायचं. बहीण होती तेवढीच राहिली, मी मात्र फुगत गेले. मुलगी झोपेत घोरू लागली तर आई हसून म्हणाली, "बापावर गेलीय अगदी!" मला ओरडावंसं वाटलं.

घोरणं थांबेना म्हणून ऑपरेशन करून आम्हाला काढताना डॉक्टर थबकले. "ही डावी जरा जास्तच मोठी आहे," असं पुटपुटत त्यांनी खुणेसाठी माझ्यात काळा दोरा ओवून निरगाठ मारली. फॉर्मवर मात्र सवयीने नेहमीचंच लिहिलं: टॉन्सिल्स, दोन.

लहान मुलांच्या टॉन्सिल्सची प्रयोगशाळेतली रीत ठरलेली. मोजायच्या, नुसत्या डोळ्यांनी बघायच्या, टाकून द्यायच्या. तिथले जुने तंत्रज्ञ काका बरणी उघडून तपासणाऱ्या पॅथॉलॉजिस्ट बाईंना म्हणाले, "नेहमीच्याच आहेत, मॅडम. दोरा चुकून पडलाय वाटतं." त्यांनी चिमट्याने तो ओढला. तेव्हा माझ्यातलं ते पहिल्यांदा हललं. आनंदाने. त्याची पिल्लं मुलीच्या मानेत मागे राहिली होती, आणि मी कचऱ्यात गेले असते तर त्यांचा पत्ता कुणालाच लागला नसता. मी भीतीने गारठले.

दोरा काही निघेना.

"थांबा काका," मॅडम म्हणाल्या. "चुकून पडलेल्या दोऱ्याला निरगाठ कोण मारतं?"

त्यांनी डॉक्टरांना फोन लावला. मग सुरी फिरली. बहीण आतून तशीच, खाचाखळग्यांची. मी मासळीसारखी पांढरी, गुळगुळीत. मॅडमनी सुरी खाली ठेवली. मग हळूच म्हणाल्या, "यातला एक कणही टाकू नका."

कॅन्सर होता. वेळेत सापडला. औषधांनी मुलीचे केस गेले, मुलगी राहिली.

आता मी प्रयोगशाळेत जपून ठेवलेल्या मेणाच्या वडीत, कपाटाच्या खणात असते. तेही माझ्यात आहे, गप्प. मेणात काही वाढत नाही म्हणतात. डॉक्टरांनो, दोरा बांधाल तेव्हा कारणही लिहीत जा, एवढंच मागणं.

काल मुलगी रक्ततपासणीला आली होती. मानेच्या डाव्या बाजूला हात ठेवून तिने विचारलं, "आई, माझी डावी कुठेय गं?"

"कधीच टाकून दिली, बाळा."

मुलीने आवंढा गिळला. इकडे खणात मी हलले, आणि माझ्याबरोबर तेही हललं.

पोरी, आई सांगते तेच खरं मान. मला शोधू नकोस.