राजदीपचा फिल्टर

घुग्घुसमध्ये धुळीला मालक नाही. खाणीत जाणारा म्हणतो, ती सिमेंटवाल्यांची. सिमेंटवाला म्हणतो, खाणीची. दोघं एका टपरीवर चहाला बसले की एकमताने म्हणतात, ट्रकवाल्यांची. ट्रकवाला तोवर चंद्रपूरच्या रस्त्याला लागलेला असतो, आपली बाजू मांडायला तो काही थांबत नाही. आणि जो समोर नाही त्याच्या नावावर रक्कम टाकणं माणसाला नेहमीच सोपं जातं.

राजदीपनेही आपल्या घरातली सगळी धूळ ट्रकांच्याच नावे मांडून टाकली होती. तो सिमेंटच्या कारखान्यात फिटर, तोही पोती भरायच्या विभागात. माणूस तसा चोख. दारू नाही, खर्रा नाही, उधारउसनवारी नाही. व्यसन एकच, उघड्या डोळ्यांनी झोपायचं. चहाचा कप हातात धरून तो कुठल्या कुठे जाऊन येई आणि परत आला की चहावर साय धरलेली असे.

त्याची बायको रिना ब्रह्मपुरीची, धानाच्या मुलखातली. तिच्या माहेरी धूळ म्हणजे मळणीच्या दिवसांत उडणारा पिवळा कोंडा, अंगाला खाज आणतो आणि आंघोळीत निघून जातो. लेक झाल्यावर ती घुग्घुसला परतली आणि उन्हाळाभर पोरीचा खोकला हटेना. एकदा तिने पाळण्यावरची मच्छरदाणी बोटाने पुसली, ते बोट राजदीपच्या नाकासमोर धरलं.

"ही धूळ रस्त्यावरून येत नाई जी. घरातच हाय कुठीतरी."

"ट्रक पाय ना किती जाऊन राह्यले," राजदीप म्हणाला. "खिडकीत बसून मोज पाह्यजे तं."

रिनाने मोजले नाहीत. तिने बॅग भरली आणि पोरीला घेऊन माहेरी गेली. आता दिवाळी जवळ आली होती आणि फोनवरचं तिचं बोलणं स्वच्छ होतं: घर सुधरलं तर येईन, नाही तर इथल्या शाळेत शिकवायची जागा आहे, दिवाळीनंतर रुजू होईन आणि पोरगीही इथेच वाढेल. ती रागावून बोलली असती तर राजदीपला बरं वाटलं असतं. राग उतरतो. ती शांतपणे बोलली होती.

म्हणून तो प्रफुलच्या दुकानात गेला. प्रफुल त्याचा शाळेपासूनचा दोस्त, कूलर-मिक्सर दुरुस्त करणारा. त्याच्याकडे बदली होऊन गेलेल्या कोण्या साहेबाचा व्हॅक्यूम क्लीनर पडून होता. मोटर ठणठणीत, पण आतली धुळीची पिशवी कधीच फाटून गेलेली. चालू केला की तो समोरून खायचा आणि मागून ओकायचा.

"घेऊन जा बे," प्रफुल म्हणाला. "तसाही तो माह्या दुकानात एका कोपऱ्यातली धूळ दुसऱ्या कोपऱ्यात नेऊन टाकते. आमच्या ग्रामपंचायतीसारखा."

राजदीपने तो घरी आणून दारासमोरच्या ओट्यावर उघडा केला आणि त्याच्या पोटात बघत बसला. हवा पुढून आत येते, मोटर तिला मागे ढकलते. मधे धुळीला अडवणारं काही हवं, पण हवेला न अडवणारं. आणि ते कायमचं ठोकून चालणार नाही. घुग्घुसच्या घरात ते एका खोलीतच गुदमरेल. ते काढता आलं पाहिजे. काढलं, धुतलं, वाळवलं, परत लावलं. हे "काढलं, धुतलं" त्याला इतकं आवडलं की तो ते मनातल्या मनात गाणं म्हणावं तसं म्हणू लागला.

पहिला फिल्टर आईच्या जुन्या मलमलच्या ओढणीचा केला. धूळ त्यातून लग्नाच्या वऱ्हाडासारखी आरपार निघून गेली. दुसरा जाड जीन्सचा. धूळ अडली, पण हवाही अडली आणि मशीन असं कण्हायला लागलं की त्याची आई अंजनाबाई न्हाणीतून धावत बाहेर आली.

"कोण मरून राह्यलं?"

"कोणी नाई माय. प्रयोग चालू हाय."

"मंग प्रयोगाले पाणी पाज थोडं."

उत्तर त्याला कारखान्यात सापडलं, आणि तेही झोपेत. म्हणजे त्याच्या पद्धतीच्या झोपेत. धुराड्याच्या अलीकडे एक उंच बंद खोली असते. तिच्यात कापडाच्या लांबच लांब पिशव्या टांगलेल्या, रांगाच रांगा. सगळी हवा त्यांच्यातून गाळून वर जाते. खोली दुरुस्तीला बंद असली की आत जाता येतं. त्या दिवशी राजदीप बोल्ट कसायला आत शिरला आणि पान्हा हातात तसाच राहिला. पिशव्या किंचित हलत होत्या. त्याला वाटलं आपण पानगळीतल्या सागाच्या जंगलात उभे आहोत, खोडं श्वास घेताहेत, आणि जंगल जेवढं दाट तेवढा त्याचा श्वास मोकळा. खूप कापड. थोड्या जागेत खूप कापड.

घरी येऊन त्याने मांजरपाटाची लांब पट्टी घेतली आणि तिच्या निऱ्या घातल्या. बारीक, एकसारख्या, लुगड्याच्या घालतात तशा. प्लास्टिकच्या बरणीला तापल्या खिळ्याने भोकं पाडून त्या निऱ्या आत गोल बसवल्या. झाकण असं केलं की पाव फेरा दिला की सुटावं. हवा फटीतून पळू नये म्हणून कुकरची रबरी रिंग लावली. दोन दिवस घरात वरण शिजेना आणि अंजनाबाई कुकरला शिव्या देत राहिली. तो गरीब, काही बोलू शकत नव्हता.

फिल्टर बसला. मशीन चालू झालं तेव्हा त्याचा आवाज कण्हण्याचा नव्हता, घुमण्याचा होता. राजदीप नळी घेऊन खोलीभर फिरला. पलंगाखाली, पत्र्याच्या पेटीमागे, पाळण्याच्या दोऱ्यांवरून. विहारातून आणलेली बाबासाहेबांची तसबीर भिंतीवर होती, तिच्या चौकटीवरून त्याने नळी हळूच फिरवली आणि तिथला निळा रंग वर आला. तो इतका निळा असल्याचं तो विसरूनच गेला होता.

त्या दिवसांत त्याला एकच स्वप्न पडे. रिनाच्या माहेरची वैनगंगा संथ वाहतेय, तो गुडघाभर पाण्यात उभा राहून फिल्टर धुतोय. निऱ्यांतून काळोखी सुटते, तिचे बारीक मासे होतात आणि थव्याने निघून जातात. कापड पांढरं होत जातं. पलीकडच्या काठावर धानाच्या बांधीत रिना उभी, कडेवर पोरगी. तो हात वर करून फिल्टर दाखवतो आणि विचारतो, येतेस का? उत्तर येण्याआधी जाग येई. उत्तर ठाऊक नसलेल्या माणसाला स्वप्नही ते देत नाही.

त्याने फोन केला. मशीन ऐकवलं. रिना म्हणाली, "रविवारी येऊन पाहीन. राहाले नाई, पाहाले."

एवढ्यावरच त्याने दिवाळी साजरी केली असती. दुपारच्या पाळीला निघताना त्याने बरणीचं झाकण पाव फेरा फिरवलं, गच्च भरलेला फिल्टर निऱ्यांसकट बाहेर काढला, बादलीभर पाण्यात बुडवला आणि आईला बजावलं, "हात लावू नको. भिजू दे चांगला."

सकाळी उठून त्याने बादलीत हात घातला तर हाताला दगड लागला.

निऱ्या होत्या तशाच होत्या, एकीला एक लागून, सुबक. फक्त त्या आता कापडाच्या नव्हत्या. बरणीच्या आकाराचा राखाडी, जड, फुलाच्या पाकळ्यांसारखा कोरलेला धोंडा त्याने बादलीतून वर काढला. एखाद्या देवळाच्या खांबाचा तुकडा नदीतून मिळावा तसा. प्रफुल बघायला आला. त्याने तो धोंडा हातात तोलला, कानाशी नेऊन बोटाने वाजवला आणि गंभीर चेहऱ्याने निदान केलं.

"मशीनले मुतखडा झाला बे."

राजदीप हसला नाही. हातोडी घेऊन त्याने कडेची एक पाकळी फोडली. आत काळ्या रेघा होत्या, पण केसासारख्या. बाकी सगळं राखाडी. तो ओट्यावर बसून त्याकडे पाहत राहिला आणि यावेळी मात्र कुठे गेला नाही. ट्रकांवरून उडतो तो कोळसा. तो पाण्यात तळाशी बसतो, गोठत नाही. गोठतं सिमेंट. आणि ट्रकमधून सिमेंट जातं ते शिवलेल्या पोत्यांतून. खिडकीतून घरात शिरायला त्याला वाट नाही.

आत खोलीत फट्-फट् असा आवाज झाला. तो उठून दारात गेला.

अंजनाबाई दारामागे उभी राहून त्याची कालची पँट झटकत होती. सिमेंटवाल्यांच्या घरी हा रिवाजच. कामाचे कपडे सरळ पाण्यात घालत नाहीत. घातले तर वाळल्यावर पँट माणसाशिवाय उभी राहते. आधी झटकायचं, मग भिजवायचं. हे घुग्घुसमधल्या लहान पोरालाही ठाऊक असतं. पण कपड्याला लागू असलेला नियम कपड्याच्याच निऱ्यांना लागू असतो, हे मात्र सिमेंटच्या फिटरच्या ध्यानात आलं नव्हतं. जे आपलं आहे ते त्याने कधी धुळीत धरलंच नव्हतं.

पँटमधून मऊ राखाडी ढग निघाला. सकाळचं ऊन त्यात शिरलं आणि तो चमकत, अगदी सावकाश, कसलीही घाई नसल्यासारखा वर गेला. दिसायला इतका सुंदर होता की राजदीपची नजर त्याच्या मागोमाग गेली. ढग आढ्यापर्यंत गेला, वळला आणि दारामागच्या रिकाम्या पाळण्यावर उतरला.

"माय, तू रोज इथीच झटकतेस का?"

"मंग कुठी झटकू? बाहेर झटकलं तं शेजारची सोनीबाई मोहल्ला गोळा करते. तिच्या पापडावर उडते म्हणे. पापडाले सिमेंट लागलं तं काय घर बांधणार हाय तिचा जावई?"

राजदीप दारातून पुढे झाला. आईच्या हातातून पँट घेतली आणि बाहेर नेऊन ठेवली.

प्रफुलला सगळं समजलं तेव्हा तो व्यवहाराचं बोलला. "दुसरा फिल्टर कर, धोंडा नाल्यात टाक. घर साफ हाय, मशीन चालू हाय, वहिनी येऊन राह्यली. ट्रकचं नाव हाय ना लिहिलेलं, मंग खोडून काऊन राह्यला?"

सल्ला खोटा नव्हता. रविवारपर्यंत घर चमकलं असतं, रिना बघून खूश झाली असती आणि सोमवारी दारामागे पुन्हा फट्-फट् झालं असतं. राजदीपने दुसरा फिल्टर केला. धोंडा मात्र टाकला नाही.

रविवारी त्याची सकाळची पाळी होती. रिना ऑटोतून उतरली तेव्हा तो कामाच्या कपड्यांतच ओट्याच्या पायरीखाली उभा होता, भुवयांसकट राखाडी. ओट्यावर मशीन, खिडकीतून बाहेर काढलेली वायर, आणि काय करावं न कळून दारात उभी राहिलेली अंजनाबाई.

"बाहेर काऊन उभे?" रिनाने विचारलं.

"आत गेलो तं धूळ आत जाते."

"कोणती? ट्रकची?"

"माही."

त्याने फोडलेली पाकळी तिच्या हातावर ठेवली आणि सांगितलं. भिजवण्यापासून पाळण्यापर्यंत, आईची बाजू सांभाळत. तिने नखाने तो तुकडा खरवडला. पोरगी कडेवरून वाकून तो तोंडात घालायला बघत होती, तिचा हात रिनाने बाजूला केला.

"हे मी उन्हाळ्यातच सांगतलं होतं," रिना म्हणाली. "तवा तुमी मले ट्रक मोजाले लावत होते."

"हो."

अंजनाबाईने पुढे येऊन पोरीला घेतलं आणि कोणाकडेच न बघता विचारलं, "आत नेऊ, का इथीच बसू?"

ओट्यावर चढून रिनाने नळी उचलली, बटण दाबलं.

"हात वर करा."

राजदीपने हात वर केले. नळी त्याच्या खांद्यावरून फिरली, पाठीवरून उतरली, कॉलरच्या आत शिरली. मशीन घुमत होतं. त्याचे डोळे मिटले आणि त्याला वाटलं आपण हलके होत चाललो आहोत, थर सुटताहेत, कितीतरी पाळ्यांचे, आणि कोणीतरी त्याला नदीच्या पाण्यात धरून उभं आहे. शेजारच्या भिंतीवरून सोनीबाईचं डोकं वर आलं.

"अवं माय! नवऱ्याले झाडू मारून राह्यली!"

"तुमच्या पापडावर उडू नये म्हणून, काकू," रिना म्हणाली. "वळा जी. मागचा खिसा."

मग तिने मशीन बंद केलं आणि झाकणाला पाव फेरा दिला. राजदीप दचकून पुढे झाला. "पाण्यात नको..."

"मले अक्कल हाय."

तिने फिल्टर थैलीत धरून आपटला. निऱ्यांतून मूठभर राखाडी पीठ पडलं. एका अंगावरचं, एका पाळीचं. तिने थैली हातात तोलून पाहिली. रस्त्यावरून एक ट्रक गेला, त्याच्याकडे दोघांनीही पाहिलं नाही.

"आई," ती सासूला म्हणाली, "न्या तिले आत. पण पाळणा दारामागून सोडा, खिडकीखाली बांधू."

अंजनाबाई पोरीला घेऊन आत गेली. आतून दोरीची गाठ सोडल्याचा आवाज आला.

"अन् शाळेचं?" राजदीपने हळूच विचारलं.

"दिवाळीपर्यंत पाहू. मशीन किती दिवस चालते अन् तुमी किती दिवस बाहेर थांबता, दोन्ही."

एवढं पुष्कळ होतं. चेहऱ्यावर ते नेहमीचं दूर गेल्यासारखं हसू घेऊन राजदीप पायरी चढायला लागला.

"कुठी चालले?" मागून मशीन पुन्हा घुमलं. "बूट राह्यले अजून."