माळ्यावरची जागा

“बाई, धूर न करणारं जळण महाग आणि डोळे फोडणारं स्वस्त, असं उलटं का?”

वर्गात खसखस पिकली. मागच्या बाकावरून शांताने गुणवंतीची वेणी ओढली. पैज तिचीच होती: हे सबनीसबाईंना विचारलंस तर शाळा सुटल्यावर काला खट्टा गोळा.

सबनीसबाई दादरच्या, घरी गॅस असलेल्या. पण रागावल्या नाहीत. “गॅस काय रस्त्यात पडलेला मिळतो? तो साफ करायला कारखाना, भरायला जाड लोखंडी सिलिंडर, आणायला गाडी. वापरणारी घरं थोडी, म्हणून खर्च त्यांच्याच डोक्यावर. तुझी आई चुलीत काय घालते?”

“गिरणीतले लाकडी बॉबिन. सूत गुंडाळायचे. भंगारवाल्याकडून पोत्याने.”

“टाकून दिलेली वस्तू. स्वस्त असणारच.”

पैज इथेच जिंकली होती. पण गुणवंतीला हल्ली वर्गात उभं राहायची चटक लागली होती. एकदा उठली की बसवत नसे. “आणि धुराचे पैसे, बाई? ते कोण देतं?”

“ते भंगारवाला मागत नाही, म्हणून तर स्वस्त. ज्याच्या छातीत धूर जातो तो भरतो. मागाहून.”

गोळा तिने अर्धाच खाल्ला.

लालबागच्या चाळीतल्या एका खोलीत तिची आई राधाबाई खानावळ चालवायची. वडील दत्ताराम गिरणीत साचाखात्यात, मागावर होते. संप झाला, गिरणीने परत घेतलं नाही. कापसाची धूळ तेवढी त्यांच्या छातीत राहिली. खोकणारा माणूस दिसला तर मेंबर जेवायला फिरकणार नाहीत, म्हणून चूल पेटली की ते आपणहून माळ्यावर जात आणि तोंडात पंचा कोंबून खोकत. खालून पळीच्या दांड्याने फळीवर टकटक केलं की वरून बॉबिनने टकटक यायची. म्हणजे ठीक आहे.

गुणवंतीने दप्तर टाकलं, पळी उचलली आणि वाजवलं.

उत्तर आलं नाही.

“निजले असतले,” आई म्हणाली. “मेंबर येतले आता. भाकऱ्यो थाप बघू.” तिने चुलीत आणखी दोन बॉबिन सारले. त्यांच्यावरचं पॉलिश चरचरलं, फुगलं. काळा धूर उठला, छताच्या फळ्यांना टेकून पसरला आणि शिडीच्या चौकोनातून निमूट वर गेला. हे गुणवंतीने रोज पाहिलं होतं. तो कुठे जातो, हे आज पाहिलं.

तिने पुन्हा वाजवलं. जोराने.

काहीच नाही.

ती शिडी चढली. वर काळोख, डोळ्यांत मिरची गेल्यासारखं. चाचपडताना हाताला पाऊल लागलं. गार.

“बाबा.”

ते भिंतीशी वाकून बसले होते, तोंड झरोक्याच्या फटीला लावून. बऱ्याच वेळाने एक हात वर झाला: थांब. बोलण्यावर खर्च करायला श्वास उरला नव्हता. बॉबिन त्यांच्या हातून सुटून कोपऱ्यात गेला होता.

“मी वाजयलंय ना?” ते अखेर म्हणाले.

“हो,” गुणवंती म्हणाली. “आलं ऐकू.”

“काय झाला गो?” आईने खालून विचारलं.

“काय नाय.”

मेंबर जेवून गेल्यावर बाबा शिडीला धरून खाली उतरले. गुणवंतीने ताटं घासताघासता विचारलं, “आये, आपण गॅस का नाय घेत?”

“घेव या की. मगे जेवणाचो दर वाढव. मेंबर जातले पलीकडच्या खानावळीत, आणि आपण गॅस पेटवून त्याच्याकडे बघत बसू.” आई हसली नाही. “उद्या नवीन पोता येतला.”

बाबांनी ताटातला भात बाजूला सारला. आईने ते पाहिलं आणि दुसरीकडे बघितलं.

गुणवंतीने हात पुसले. दप्तर उचलून शिडीच्या वरच्या पायरीवर ठेवलं.

“उद्यापासून चूल पेटली की माळ्यावर मी बसणार,” ती म्हणाली. वर्गात उभी राहायची तशीच उभी होती, आवाज मात्र बारीक झाला होता. “दहावी आहे. मेंबर बसले की खाली जागा नसते, त्यांच्या गलक्यात अभ्यास होत नाही. बाबा गॅलरीत बसतील. खोकले तर खोकले.”

तिने पळी उचलून बाबांच्या हातात दिली.

“तुम्ही खालून वाजवा, बाबा. मी उत्तर देईन.”