निळी चिंधी

“बंगल्यावर जायचं काही काम न्हाई,” शेरवानीची बटणं लावता लावता सिद्रामप्पा म्हणाले. “बेगमसाहेबांकडं माळी हाय. पेशकाराच्या बायकोनं तिथं खुरपं घेऊन बसावं, बरं दिसत न्हाई.”

शिवगंगाला नवल वाटलं. एरवी तहसीलदारांचा चपराशी दारात दिसला, की हेच गृहस्थ भरल्या ताटावरून उठायचे. आज तर निरोप खुद्द तहसीलदारांच्या बेगमसाहेबांचा होता. त्यांच्या बागेतला एक गुलाब नुसताच माजला होता, फूल काही धरत नव्हता. बंगल्यावर शेळीचं दूध घालणाऱ्या शेजारच्या सुभद्राबाईंनी त्यांना शिवगंगाचं नाव सांगितलं होतं. हे आणखी एक नवल, कारण सुभद्राबाईंशी तिचा फाल्गुनापासून अबोला होता.

अबोल्याचं कारण पिवळा गुलाब. शिवगंगाच्या परसात गुलाब पुष्कळ होते. गुलकंदाचा गावठी, भिंतीवर झुबक्यांनी फुलणारा वेलगुलाब, संध्याकाळी काळाच दिसावा असा गर्द लाल. पिवळा मात्र एकच, आणि उभ्या उदगिरात तसा दुसरा नव्हता. बिदरच्या मामीने ओल्या फडक्यात गुंडाळून दिलेली काडी तिने आणली आणि कुंपणाच्या रानगुलाबावर काडीचा डोळा, म्हणजे कोंब, कलम करून बांधला. तो काळा पडला. दुसराही गेला. पुढच्या वेळी सिद्रामप्पा स्वतः मदतीला बसले. सालीला चीर देऊन तिने डोळा आत सरकवला, त्यांनी त्यावर बोट दाबून धरलं आणि तिने आपल्या इरकली लुगड्याच्या निळ्या काठाची चिंधी घट्ट गुंडाळली. तो डोळा धरला. पहिलं फूल उमललं त्या दिवशी सिद्रामप्पा कचेरीला उशिरा गेले, आणि ते आयुष्यात पहिल्यांदाच. त्या मूल नसलेल्या घरात एवढा आनंद फार वेळा झाला नव्हता. चिंधी पुढे सालीने अर्धी गिळली, म्हणून ती तशीच राहू दिली.

फाल्गुनात ती भाचीच्या लग्नाला निलंग्याला गेली. परतली तर झाडाच्या जागी वीतभर खुंट. शेजारच्या शेळीने खाल्लं, असं सिद्रामप्पांनी सांगितलं, आणि नवऱ्याचा उतरलेला चेहरा पाहून हिला त्यांचीच कीव आली. सुभद्राबाईंना मात्र ती भिंतीवरून नको नको ते बोलली. शेळी दाव्याला होती, असं त्या बाई शपथेवर सांगत राहिल्या, पण हिने ऐकून घेतलं नाही. खुंटाला फूट आली ती सात-सात पानांची, म्हणजे रानगुलाबाची. शेळीने डोळ्याच्या खालपर्यंत नेलं, अशी तिने मनाची समजूत घातली. त्याच चैत्रात सिद्रामप्पांना कारकुनीवरून अचानक तहसीलदारांची पेशकारी मिळाली. तिने हौसेने गल्लीभर पुरणपोळ्या वाटल्या, फक्त शेजारचं एक घर वगळून.

नवरा कचेरीत गेला आणि शिवगंगा बंगल्यावर गेली. बेगमसाहेब वयाने लहान आणि स्वभावाने साध्या होत्या. त्यांनी स्वतः तिला झाडापाशी नेलं. बुडातून एक दणकट फांदी पुरुषभर वर गेली होती आणि माळ्याने कौतुकाने तिला काठीचा आधार दिला होता. पानं सात-सात. तिच्याच सावलीत एक किरटी, पाच पानांची, म्हणजे कलमाची फांदी कशीबशी जीव धरून होती.

“पेशकारसाब हैदराबाद से मंगाके दिये,” बेगमसाहेब म्हणाल्या. “आया तब पिवले फूल थे. अब काय को नहीं आ रे?”

शिवगंगाने खाली बसून बुडाशी पडलेला पाला बाजूला केला. दोन्ही फांद्या फुटल्या होत्या तिथे, सालीत रुतलेली निळी चिंधी होती. तिच्याच लुगड्याच्या काठाची. आधी पुरणपोळ्या आठवल्या. मग सुभद्राबाईंची शपथ आठवली, आणि तिला नवऱ्याचा नुसता संताप आला नाही, किळस आली. एक शब्द बोलली असती तर सिद्रामप्पांची पेशकारी आणि अब्रू तिथल्या तिथे गेली असती. तो शब्द अगदी ओठांवर आला होता.

“ह्याला हलवायला नको होतं,” ती एवढंच म्हणाली.

तिने दणकट फांदी बुडाशी छाटली, माळ्याला ती फूट परत वाढू देऊ नको म्हणून बजावलं आणि किरट्या फांदीची एक काडी मागून घेतली. बेगमसाहेबांनी ती आनंदाने दिली, वर पान-सुपारीही दिली.

सिद्रामप्पा घरी आले तेव्हा ती परसात खुंटापाशी बसली होती. मांडीवर काडी, शेजारी त्याच काठाची दुसरी निळी चिंधी. ते बघताच त्यांना सगळं कळलं. तिने काही विचारलं नाही, तरी ते सांगू लागले. वर तोंड केलं नाही. बदली उमरीला होणार होती, मग ही सगळी बागच सुटली असती, बेगमसाहेबांना दिलेल्या एका झाडावर बदली टळली. खुंटाच्या जागी कुंपणाचा रानगुलाब त्यांनीच आणून लावला होता, तेही सांगितलं.

“एका काडीला चार डोळे असतात,” शिवगंगा म्हणाली. “मला मागितलं असतं तर डोळा बांधून दिला असता. आपलं झाडबी राहिलं असतं.”

“त्याला वर्ष लागतंय. त्यांना फुललेलं पायजे होतं.”

तिने रानगुलाबाच्या सालीला चीर दिली आणि डोळा अलगद आत बसवला. सिद्रामप्पा सवयीने उकिडवे बसले, शेरवानीची बाही मागे सारून त्यांनी बोट पुढे केलं.

शिवगंगाने डोळ्यावर आपलाच अंगठा ठेवला आणि मान वळवून भिंतीकडे हाक दिली, “सुभद्राक्का, जरा येता का? डोळ्यावर बोट धरायला माणूस पायजे.”

मग सुभद्राबाई पदराला हात पुसत आल्या आणि तिच्यासमोर बसल्या.

“तुमची शेळी दाव्यालाच होती,” शिवगंगा म्हणाली.

“मला ठावं हाय की,” सुभद्राबाई म्हणाल्या. “बंगल्यावर ती चिंधी वळखली म्या. तू बोलत नव्हतीस, म्हणून तिथं तुझं नाव सांगितलं.” मग त्यांनी डोळ्यावर बोट टेकवलं. “किती दाबू?”

“हलू देऊ नका, एवढंच.”

ती चिंधी गुंडाळू लागली. सिद्रामप्पांचं बोट अजून पुढेच होतं. त्याला माती लागलीही नव्हती, तरी त्यांनी ते शेरवानीला पुसलं.