माझं स्टिअरिंग सरळ होतं

मित्रांनो, मी जुना आहे हे मला मान्य आहे. माझी लाल सीट फाटली आहे, पडद्याचा एक कोपरा पिवळा पडला आहे. पण मला कुणी नकली म्हटलं, की माझं डोकं फिरतं. नाणं टाकून, सीटवर बसून खेळायचा गाड्यांच्या शर्यतीचा व्हिडिओ गेम आहे मी. आज माझं ऐकून घ्याच.

कारखान्यात माझ्या स्टिअरिंगला दोन बाजूंनी दोन स्प्रिंगा लावल्या, म्हणजे सोडलं की ते आपोआप मधोमध यायचं. लावणाऱ्या बाईंनी ते शंभरदा फिरवून पाहिलं, मगच माझ्यावर शिक्का मारला. पुढे मी एका खेळघरात आलो. तिथे माझी सगळी काळजी मिस्त्रीकाकांकडे होती. दर सोमवारी ते माझं मागचं झाकण उघडत, धूळ फुंकत आणि "काय रे राजा, दमलास का?" असं विचारत. माझ्यासमोर रांगा लागत. टेकडीवरून गाडी खाली सुटली की लोक ओरडत माझी सीट घट्ट धरत.

मग माझ्याच खेळाच्या, घरी टीव्हीवर खेळायच्या आवृत्त्या निघाल्या. खेळघराच्या मालकीणबाईंनी त्या विकायला ठेवल्या आणि नमुना दाखवायला टीव्ही लावला, तोही माझ्या नाकासमोर. पहिलीत टेकड्याच नव्हत्या! रस्ता इस्त्री केल्यासारखा सपाट, आणि झाडं अचानक उगवत, अचानक गायब होत. दुसरीत टेकड्या आल्या, पण माझ्या चाळीस गाड्यांच्या जागी जेमतेम सहा, आणि इंजिनाचा आवाज थेट मिक्सरचा. तरी दोन्ही खोक्यांवर छापलं होतं, 'अगदी हुबेहूब'. इतकं धादांत खोटं!

तिसरी आवृत्ती करणारा प्रोग्रॅमर मात्र मेहनती होता. कॅमेरा लावून तो तीन दिवस माझ्यावर खेळत बसला. नेमकी तेव्हाच माझी उजवी स्प्रिंग सैल झाली होती आणि स्टिअरिंग डावीकडे ओढत होतं.

"बाई, एक दिवस याला बंद ठेवू या. नवी स्प्रिंग टाकतो," मिस्त्रीकाका म्हणाले.

"ऐन सुट्ट्यांत? चालतोय ना? मग चालू दे," मालकीणबाई म्हणाल्या.

सरळ रस्त्यावरही गाडी डावीकडे सरकते, हे प्रोग्रॅमरने वहीत टिपलं. ही खेळाचीच खुबी आहे, असं त्याला वाटलं. मिस्त्रीकाका दहा पावलांवर होते. त्यांना विचारायला काय तोंड दुखत होतं? महिन्याभराने काकांनी स्प्रिंग बदलली, पण माझं दुखणं वहीत गेलंच होतं, आणि पुढे तिसऱ्या आवृत्तीतून तेच माझा स्वभाव म्हणून घरोघरी जाऊन पोहोचलं.

वर्षं गेली. खेळघर ओस पडलं आणि शेवटी बंद व्हायची वेळ आली. भंगारवाला अकरा वाजता येणार होता. त्याआधी नऊ वाजता, मला न्यायचं का ते ठरवायला, जुन्या खेळांच्या संग्रहालयाकडून एक समीक्षक आले. घरच्या आवृत्त्यांची मूळ खेळाशी तुलना करण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं म्हणे. ते बसले, दोन मिनिटं खेळले आणि उठले.

"हा मूळ खेळ नाही. मूळ गाडी डावीकडे ओढते. सगळ्यांना माहीत आहे."

"अहो साहेब, तेव्हा स्प्रिंग खराब होती! मीच बदलली ना. हा जन्मला तो असाच, सरळ."

"काका, मी बावीस वर्षं या आवृत्त्या तपासतोय."

"आणि मी एकतीस वर्षं याला पुसतोय!"

"ओढत असेल तर नेतो. नाहीतर राहू द्या."

मित्रांनो, माझ्या अंगाची लाहीलाही झाली. माझी नक्कल मला शिकवणार, मी कसा आहे ते? समीक्षक बाकीचे खेळ बघायला पलीकडे गेले, तेव्हा मिस्त्रीकाकांनी घड्याळाकडे पाहिलं. मग माझं झाकण उघडलं. ज्या माणसाने माझा एक स्क्रू कधी सैल सोडला नाही, त्याने पक्कड घेतली आणि माझी चांगली उजवी स्प्रिंग ताणून ताणून निकामी केली. "माफ कर रे," ते पुटपुटले. तेव्हा मला त्यांचाही राग आला. खोटं कशाला सांगू?

समीक्षकांनी पुन्हा खेळून पाहिलं आणि खूश होऊन मला नेलं. आता मी संग्रहालयात आहे. पाटीवर लिहिलंय, 'मूळ खेळ'. लोक बसतात, गाडी डावीकडे जाते, आणि ते म्हणतात, "वा! अगदी घरच्यासारखा!" मी आतल्या आत धुमसतो.

मिस्त्रीकाका एकदाच आले, तिकीट काढून. खेळले नाहीत. माझ्या मागे गेले आणि सवयीने झाकणाला हात घातला.

"आजोबा, हात लावायचा नाही," पहारेकरी म्हणाला. काकांनी हात मागे घेतला आणि खिशात घातला.

जुन्या वस्तू जपा, असं तुम्हाला सगळेच सांगतात. मी रागाने सांगतो, त्या जपणाऱ्या माणसाला आधी विचारा. माझ्याबद्दल काही लिहायचं असेल, मोजायचं असेल, तर मला नंतर बघा. मिस्त्रीकाकांचं वय झालं आहे. त्यांच्याकडे आजच जा.